गाडी कुठे उभी करायची

माझी बायको उज्ज्वला गेली हे मला रेल्वे फाटकावर कळलं.

दुपारी जेवणानंतर तिच्या छातीत दुखायला लागलं. आधी म्हणाली, पित्त असेल. मग घाम सुटला, तेव्हा मी अँब्युलन्सला फोन केला. आमच्या तरसखेड्यात अँब्युलन्स पेट्रोल पंपाजवळच उभी असते, त्यामुळे लगेच आली. तिला आत घेतलं. ती मला म्हणाली, "भट्टी बंद करा, कुलूप लावा, मग या. घाई करू नका."

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, घराच्या पुढच्या खोलीत. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी मी भरून देतो. वार्निश सुकवायची भट्टी तापलेली होती. ती बंद केली, कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढली.

फाटकापाशी आलो तर अँब्युलन्स तिथेच उभी. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, गाठलं एकदाचं.

फाटकात मालगाडी उभी होती. डाव्या हाताला बघितलं तरी डबे, उजव्या हाताला बघितलं तरी डबे. दोन डब्यांच्या फटीतून पलीकडच्या सरकारी दवाखान्याची पाण्याची टाकी दिसत होती. ट्रॅक्टरवाला खाली उतरून तंबाखू मळत होता. मला म्हणाला, "हेमराजभाऊ, इंजिन नदीच्या पुलापलीकडे आहे म्हणतात. आवाज द्यायचा तरी कोणाला?"

तेवढ्यात अँब्युलन्सचं मागचं दार उघडलं आणि आतला डॉक्टर खाली उतरला. त्याने हातमोजे काढले होते.

"काका, तुम्ही त्यांचे…"

"हो."

त्याने मान खाली घातली. मी आत चढलो. तिचा हात गरम होता. मी डॉक्टरला म्हणालो, हात गरम आहे, बघा. त्याने पुन्हा बघितलं. माझ्या समाधानासाठी बघितलं असावं.

गाडी त्यानंतरही हलली नाही. मग ड्रायव्हरने अँब्युलन्स वळवली आणि तिला घरी आणलं. घरी यायला फाटक लागत नाही.

*

ज्यांना आमच्या भागातली रेल्वे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

पूर्वी तरसखेड्यात मोठं यार्ड होतं. मालगाड्या येत, तिथे त्यांचे डबे सुटे होत, ज्या गावाला जायचे त्याप्रमाणे नवीन गाड्या जोडल्या जात. निम्मं गाव त्यावर जगायचं. उज्ज्वलाचा धाकटा भाऊ लीलाधर मालगाडीचा गार्ड होता. त्याची आख्खी नोकरी शेवटच्या डब्यात गेली.

मग ही लाइन दख्खन मालवाहिनी नावाच्या कंपनीकडे आली. कंपनीने हिशेब मांडला तर सगळ्यात जास्त नुकसान यार्डात होतं. डबा चालतो तेव्हा पैसे मिळवतो, उभा राहतो तेव्हा खातो. म्हणून यार्ड बंद केलं, रूळ उपटले, जागेवर गोदामं बांधली. गाड्या एकमेकींना जोडून एकच लांब गाडी करायला लागले. चार-चार किलोमीटरची गाडी, तिला एक ड्रायव्हर. गार्ड काढला. त्याच्या जागी शेवटच्या डब्याला एक पेटी लावली, ती मागची खबर पुढे कळवते.

यात नुसतं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. खत स्वस्त झालं, सिमेंट स्वस्त झालं. मला तांब्याची तार पूर्वीपेक्षा कमी भावात मिळते. हायवेवरचे ट्रक कमी झाले, तिथे मरणारी माणसं कमी झाली. ती माणसं कोण होती हे कोणाला कळणार नाही, कारण ती जिवंत आहेत.

कोणती गाडी कधी सोडायची, कुठे थांबवायची हे आता माणूस ठरवत नाही, मशीन ठरवतं. कंपनीने त्याला काहीतरी मोठं नाव दिलंय. गावात सगळे त्याला मुनीम म्हणतात.

उज्ज्वलाचे दिवस होत आले होते तेव्हा कंपनीची एक इंजिनिअर घरी आली. रेवती पुंडे तिचं नाव. चप्पल बाहेर काढून आली आणि बायका बसल्या होत्या तिथेच सतरंजीवर बसली. लीलाधर दाराला टेकून उभा होता.

ती म्हणाली, "काका, माफी मागायची मला कंपनीने परवानगी दिलेली नाही. कारण सांगायची आहे. ते सांगू का?"

मी म्हणालो, सांगा.

तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. मशीन प्रत्येक गोष्टीच्या मिनिटाला किंमत लावतं. ड्रायव्हरच्या ड्युटीचं मिनिट, इंजिनाच्या विजेचं मिनिट, बंदरावर वाट बघणाऱ्या जहाजाचं मिनिट. पूर्वी त्यात फाटकावर थांबलेल्या लोकांचं मिनिट नव्हतंच. पुढे सरकारने सक्ती केली की तेही धरा. म्हणून फाटकांवर कॅमेरे बसवले. कॅमेरा वाहनं मोजतो. वाहनं जास्त तर फाटक महाग. मग मशीन गाडी दुसरीकडे थांबवतं.

"त्या दुपारी किती होती?" मी विचारलं.

"दोन मोटारसायकली, एक ट्रॅक्टर आणि अँब्युलन्स."

"त्यातली एक मोटारसायकल माझी होती."

तिने मान हलवली.

"म्हणजे अँब्युलन्सचे किती धरले?"

"एक वाहन, काका."

"ट्रॅक्टरएवढंच?"

"ट्रॅक्टरएवढंच."

लीलाधर दारातून म्हणाला, "मॅडम, ट्रॅक्टरमध्ये शेणखत होतं."

ती रडेल असं मला वाटलं, पण रडली नाही. मी विचारलं, मशीन बिघडलं होतं का? ती म्हणाली, नाही. ते नीट चाललं होतं, तेच तर सांगायला आलेय.

बिघडलेल्या वस्तूचं मला काही वाटत नाही. माझा धंदाच तो आहे. मोटार उघडायची, जळालेली कॉइल काढायची, नवी भरायची. इथे उघडण्यासारखं काही नव्हतं.

*

मी एकटा असतो तर गप्प बसलो असतो. लीलाधरने बसू दिलं नाही. तो माझ्याहून पुष्कळ लहान, पण बोलायला कोणाला ऐकायचा नाही. तेराव्याला जेवणं झाल्यावर हात धुता धुता म्हणाला, "दाजी, ताईचं सगळं रीतीने झालं. आता मुनिमाचं करू."

त्याने वकील गाठला. रेल्वेच्या तक्रारी ऐकायला एक लवाद आहे, तिथे आम्ही गेलो. लीलाधर प्रत्येक तारखेला आडगव्हाणहून येऊन मला घेऊन जायचा. आडगव्हाण म्हणजे उज्ज्वलाचं माहेर, पुढचंच फाटक. डबा शालिनी द्यायची, त्याची बायको. तिथे बाकावर बसून आम्ही दोघं जेवायचो. लीलाधर म्हणायचा, "ताई असती तर म्हणाली असती, दोघं मिळून एक काम धड करू राहिले नाही, पण जेवू राहिले बरोबर."

निकाल आमच्या बाजूने लागला. तरसखेड्याच्या फाटकावर अँब्युलन्सला वेगळं वजन द्यायचं, इतकं की तिच्यापुढे बाकी काही टिकू नये. कंपनीने जराही भांडण केलं नाही. त्यांच्यासाठी तो एक आकडा बदलण्याचा प्रश्न होता.

आकडा बदलला आणि आमचं फाटक मोकळं झालं. पूर्ण मोकळं. अँब्युलन्स पंपाजवळ उभी असते, ती कधीही निघू शकते हे मशीनने ओळखलं. त्यामुळे गाडी तिथे थांबवण्याच्या भानगडीतच ते पडेना. लोकांनी माझा सत्कार केला. फाटकावर बॅनर लागला, त्यावर उज्ज्वलाचा फोटो. तिला फोटो काढलेला आवडायचा नाही. तो एका लग्नातला होता, कडेला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा दिसत होता.

महिना गेला असेल. लीलाधर भरताची वांगी घेऊन आला. पिशवी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसला.

"अभिनंदन दाजी. फाटक मोकळं झालं तुमचं."

"आपलं."

"आपलं नाही, तुमचं. गाडी कुठे गेली ते विचारा ना मला."

"कुठे गेली?"

"माझ्या दारात. सकाळी दात घासायला बाहेर निघालो की मुनीम तंगड्या पसरून बसलेला. आमचं फाटक धरून बसतो, उठायचं नाव नाही."

मला आधी हसू आलं. मग कळलं.

आडगव्हाण रुळाच्या एका बाजूला आहे. तालुक्याचा रस्ता, हायस्कूल, केळीची शेतं दुसऱ्या बाजूला. कंपनीने तिथे रुळाखालून बोगदा केला आहे, पण जमीन काळी आणि कालवा जवळ. पाणी झिरपून बोगद्यात कमरेइतकं साचतं. त्यात बेडूक राहतात, माणसं जात नाहीत.

"लोक काय करतात?" मी विचारलं.

"काय करतील? खालून जातात."

"गाडीखालून?"

"मी असतो ना," लीलाधर म्हणाला.

*

आम्ही दोघं रेवती पुंडेच्या ऑफिसात गेलो. जुन्या यार्डाच्या जागेवर ते ऑफिस आहे. लीलाधर आत शिरताना म्हणाला, "इथे अकरा नंबरची लाइन होती. मॅडमचं टेबल बरोबर रुळावर आहे."

त्याने तिला सरळ सांगितलं, "आडगव्हाणला पण तेच वजन द्या."

"अँब्युलन्स तिथे उभी नसते, काका. कॅमेऱ्याला ती दिसतच नाही. आणि तुमच्याकडे थांबलेले लोक बहुतेक पायी असतात. मशीन वाहनं मोजतं."

"मग गाडी फाटकाआधी थांबवा."

तिने भिंतीवरच्या पडद्यावर लाइन काढून दाखवली. एक आडवी रेघ, त्यावर फाटकांचे आणि पायवाटांचे ठिपके. मग चार किलोमीटरच्या गाडीची पट्टी त्या रेघेवर ठेवली आणि बोटाने इकडेतिकडे सरकवली. पट्टी कुठेही नेली तरी एखादा ठिपका तिच्याखाली यायचाच.

"पूर्वी पुढची लाइन मोकळी नसली की गाडी यार्डात घ्यायचे," ती म्हणाली. "आता यार्ड नाही. स्टेशनातल्या बाजूच्या लाइनी आखूड आहेत, त्यांत ही गाडी मावत नाही. म्हणून मुख्य लाइनवरच उभी करावी लागते. एवढी लांब वस्तू ठेवायची म्हणजे ती कशावर तरी येणारच. मशीन फक्त कशावर ते ठरवतं."

"फाटकावर डबे सोडवा की मग," लीलाधर म्हणाला. "आम्ही सोडवायचो. जोड काढला, पुढचा भाग थोडा पुढे ओढला, रस्ता मोकळा. गाडी जायची वेळ झाली की परत जोडायचं."

"सोडवेल कोण? ड्रायव्हर एकटा, तो दोन-तीन किलोमीटर पुढे. आणि ब्रेकचं तुम्हाला मी काय सांगू."

ते तिने मला सांगितलं. गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी असते. नळीत हवा भरलेली असली की ब्रेक सुटे, हवा गेली की ब्रेक लागतात. म्हणून जोड तुटला तरी गाडी आपोआप थांबते. सोय चांगली आहे. पण चार किलोमीटरच्या नळीला शेकडो जोड, आणि प्रत्येक जोडातून थोडी थोडी हवा निसटते. एकदा सगळी हवा सोडली की परत भरायला तासाच्या वर लागतो. तेवढा वेळ मागच्या सगळ्या गाड्या अडतात, आणि त्यांच्या खाली त्यांची त्यांची फाटकं.

लीलाधरने मान हलवली. हे त्याला पटलं होतं, म्हणूनच तो चिडला.

निघताना ती दारापर्यंत आली. "काका, एक सांगायचं होतं. नवीन गाड्या येताहेत. त्यांच्यात इंजिनं पुढे, मध्ये आणि मागे अशी आहेत, रेडिओने सगळी एकाच क्षणी ओढतात. डब्यांचे जोडही घट्ट आहेत, मध्ये ढिलाई नाही. आधीसारखा डब्यामागून डब्याला धक्का बसत येत नाही. आवाज येत नाही. लोकांना खालून जाऊ देऊ नका."

बाहेर आल्यावर मी लीलाधरला म्हणालो, "ऐकलं ना, काय म्हणाली?"

"ऐकलं."

"मग?"

"दाजी, लोखंड आहे ते. लोखंड आवाज केल्याशिवाय हलत नाही."

रेल्वेच्या गावातल्या लोकांना एक गोष्ट लहानपणापासून माहीत असते. मालगाडी एकदम सुरू होत नाही. जोड ढिले असतात. इंजिन पहिला डबा ओढतं, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. तो खडखडाट लांबून पळत येतो. तो ऐकू आला की गाडीखालच्या माणसाला बाहेर पडायला पुरेसा वेळ मिळतो. शहरातला माणूस उभ्या गाडीखाली जाणारच नाही, घाबरेल. आमचे लोक कान देऊन जातात. आमच्या आयांनी आम्हाला कडेवर घेऊन असंच नेलं आहे. लीलाधर तर गार्ड. तो जोडाला हात लावून उभा राहायचा आणि म्हणायचा, चला. त्याने चला म्हटलं की गाव निघायचं.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी आडगव्हाणला गेलो.

आमच्याकडे आखाजीला मुली माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. उज्ज्वलाने एकही आखाजी चुकवली नव्हती. या वर्षी सकाळी मी घरी तिच्या नावाची घागर भरली. घागरीवर खरबूज ठेवायचं, सांजोरी ठेवायची, हे सगळं मला शेजारणीने सांगितलं. शालिनीचा फोन आला, "भाऊजी, ताई नाही तर तुम्ही या. जेवायला इथेच."

फाटकावर पोचलो तर गाडी उभी. अलीकडे सगळ्या माहेरवाशिणी. एसटीतून उतरलेल्या, पिशव्या, लेकरं, कोणाच्या हातात आंब्याची करंडी. ऊन डोक्यावर आलेलं. एवढ्या बायका होत्या, पण वाहन माझी मोटारसायकल एकच. मी वर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. त्याच्या लेखी तिथे मी एकटाच होतो.

लीलाधर गाडीखाली दोन्ही रुळांच्या मध्ये उकिडवा बसला होता. या बाजूने पिशव्या घ्यायचा, त्या बाजूला द्यायचा. तसंच लेकरू घ्यायचा, मग त्याची आई वाकून जायची.

"ये गं माय, डोकं सांभाळ. साडी घे वर, ग्रीस लागेल, सासू बोलेल."

"सासू इथे कुठे आहे काका?"

"मग लागू दे."

मला बघून ओरडला, "दाजी, शेवटी या तुम्ही. आधी माहेरवाशिणी."

मी खाली वाकलो. "लीलाधर, ही नवी गाडी आहे का बघ. जोड वेगळे दिसू राहिले."

त्याने वर बघितलं. जोडावर तळहात ठेवला आणि थोडा वेळ ऐकलं. "चिडीचूप आहे. चला, चला."

मी त्याच्या दंडाला धरून बाहेर ओढायला पाहिजे होतं की नाही, हे मला लोक विचारतात. तिथे बायका उन्हात उभ्या होत्या आणि तो त्यांना घरी पोचवत होता. मी परत एकदा म्हणालो, मॅडम म्हणाल्या होत्या. तो म्हणाला, मॅडमना आखाजीला बोलवा.

शेवटची बाई पलीकडे गेली. तिची आंब्याची करंडी या बाजूला राहिली होती. मी ती खाली सरकवली. लीलाधरने ती घेतली, पलीकडे ढकलली, आणि स्वतः बाहेर निघायला वळला.

गाडी निघाली. धक्का नाही, खडखडाट नाही. माझ्या डोळ्यांसमोर उभं असलेलं चाक फिरायला लागलं, एवढंच. घड्याळाचा काटा सरकतो तसं. सगळे डबे एकाच वेळी.

पलीकडून बायकांचा आवाज आला. मला काही दिसत नव्हतं. मी गाडीबरोबर पळालो, हात हलवले, ओरडलो. कोणाला ओरडत होतो माहीत नाही. ड्रायव्हर दोन किलोमीटर पुढे होता. मी अँब्युलन्सला फोन लावला आणि मग उभा राहिलो. चार किलोमीटरची गाडी पूर्ण जाईपर्यंत मला पलीकडे जाता आलं नाही. डबे जात राहिले. कोळसा, सिमेंट, मग परत कोळसा.

शेवटचा डबा गेला. त्याला ती पेटी लावलेली होती.

लीलाधर जिवंत होता. उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला होता. एका पोरीने झोक्यासाठी आणलेला दोर त्याच्या मांडीला आवळून बांधला होता. शालिनी त्याचं डोकं धरून बसली होती आणि तो तिला म्हणत होता, "रडू नको, पुरणपोळ्या करपतील."

अँब्युलन्स आली. मी त्याच्याबरोबर आत बसलो. तरसखेड्याच्या फाटकापाशी आलो तेव्हा मी काचेतून बघितलं. फाटक उघडं होतं. थोड्या अंतरावर एक मालगाडी थांबलेली होती, दिवा लावून. तिचं इंजिन फाटकाच्या अलीकडे उभं होतं, आमच्यासाठी. आम्ही न थांबता रूळ ओलांडला.

डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर रक्त जाऊनच गेला असता.

*

दवाखान्यात तो बोलायला लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, "मी लवादाला सांगतो. आमच्या फाटकाचं वजन काढा म्हणून. गाडी परत आमच्याकडे येऊ दे."

"वेडे झाले का दाजी?"

"तुझ्या दारात ती माझ्यामुळे आली."

"आणि मी इथे कसा आलो? चालत?" मग त्याने चादरीकडे बघितलं आणि स्वतःच हसला. शालिनीला हसू आलं नाही. मलाही नाही.

"वजन काढलं तर ताई परत तिथेच अडकेल," तो म्हणाला. औषधांमुळे तो असं बोलला की मुद्दाम, मला कळलं नाही. मी विचारलं नाही.

शालिनी म्हणाली, "भाऊजी, आमच्या फाटकाचं बघा. पायी माणसं मोजायला लावा. तुमचं तिथे ऐकतात. ताईंच्या केसवर झालं ना तुमचं, मग यांच्या पायावर आमचं होऊ द्या. तुम्ही अर्जावर सही केली तर वकील उद्याच देतो म्हणाला."

मी बाहेर जाऊन रेवती पुंडेला फोन केला. तिला सगळं आधीच कळलं होतं. सही केली तर मिळेल का विचारलं. म्हणाली, नक्की मिळेल, अपघात झाला आहे, कंपनी अडवणार नाही.

"मग गाडी कुठे उभी राहील?"

तिने ते आधीच बघून ठेवलं होतं. 

"टेंभीपाड्याला, काका."

टेंभीपाडा आडगव्हाणच्या पुढे आहे. पावरा आदिवासींची थोडी घरं. ते आमच्याकडे केळी कापायला येतात. पाड्याला फाटक नाही, नुसती पायवाट आहे. रुळाच्या या बाजूला पाडा, त्या बाजूला विहीर. बाया हंडे घेऊन दिवसातून किती वेळा रूळ ओलांडतात ते मी मोटार बसवायला गेलो होतो तेव्हा बघितलं आहे.

"तिथे कॅमेरा नाही का?"

"फाटकच नाही तर कॅमेरा कुठला? मशीनच्या दृष्टीने तिथे शून्य आहे. तिथे गाडी थांबवायला काहीच लागत नाही. आजवर आडगव्हाणलाही जवळजवळ शून्यच होतं आणि ती जागा जास्त सोयीची, म्हणून पाडा वाचला."

"तुम्ही बसवा कॅमेरा."

"त्यासाठी गावाने मागावा लागतो. पाड्याची नोंद गाव म्हणून नाही. मी दोनदा लिहून दिलंय, काका. मला आता दुसऱ्या विभागात पाठवताहेत." मग म्हणाली, "यार्ड परत बांधलं तरच हे थांबेल. ते कोणी बांधणार नाही. गोदामं भरलेली आहेत."

मी आत आलो. शालिनीने कागद पलंगाच्या कडेला ठेवला होता आणि पेन उघडून हातात धरलं होतं. लीलाधर डोळे मिटून पडला होता. त्याचा उरलेला पाय चादरीबाहेर आला होता. तिने तो झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

मी तिला टेंभीपाड्याचं सांगितलं.

ती म्हणाली, "बरं. पण हायस्कूलचे वर्ग सुरू होतील भाऊजी. आमची पोरं कुठून जातील?"

मी सही केली. दुसरं काय करायला हवं होतं ते मला अजूनही सुचलेलं नाही. दुकानात बसून रात्रंदिवस तार गुंडाळतो, तेव्हा विचार करतो. कोणतीही बाजू धरली तरी गाडी तेवढीच लांब राहते.

आडगव्हाणचा निकाल आला आहे. पावसाळा संपला की तो लागू होईल. तेव्हापासून नव्या गाड्या, आवाज न करणाऱ्या, टेंभीपाड्याच्या पायवाटेवर थांबायला लागतील. पाड्यावरच्या लोकांना हे माहीत नाही. त्यांना सांगायला अजून कोणी गेलेलं नाही. मीही गेलेलो नाही.